समुद्रापार गेलेली दाद

मंडळी, मुशायऱ्यांमध्ये एक जुनी रीत आहे. तिला 'तरही मुशायरा' म्हणतात. आधी एक ओळ जाहीर होते, बहुधा एखाद्या नावाजलेल्या शायराच्या गझलेतली. त्या ओळीचं वृत्त, काफिया आणि रदीफ या तिन्हींना मिळून 'जमीन' म्हणतात. मग ज्यांना बोलावणं असेल त्या सगळ्यांनी त्याच जमिनीत आपापली गझल लिहून आणायची. जमीन दुसऱ्याची, पीक आपलं. ज्याची ओळ घेतली त्याचा हा मान असतो. आणि खरं सांगायचं तर त्याच्याशी मांडलेली ती कुस्तीही असते.

गालिब आणि मोमिनचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. मोमिनचा एक शेर ऐकून गालिब म्हणाला होता म्हणे, की हा एवढा एक शेर मला द्या आणि माझा सगळा दिवान घेऊन जा. खरंखोटं कोण जाणे! पण किस्सा इतकी वर्षं टिकलाय, कारण प्रत्येक लिहिणाऱ्याच्या पोटात हे वाक्य कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. दाद आणि मत्सर हे एकाच विहिरीचं पाणी आहे. कुणी त्यावर शेत भिजवतो, कुणी त्यातच बुडतो.

आज मला अशाच एका दादेची गोष्ट सांगायची आहे. ती दिल्लीची नाही की लखनौची नाही. ती लंडन आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांमधली आहे आणि तिच्यात गाणारे आहेत, वाजवणारे आहेत आणि काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणारेही आहेत.

तुम्ही म्हणाल, मराठीत कविता करणाऱ्या माणसाचा या इंग्रजी गाण्यांशी काय संबंध? संबंध वसतिगृहातला. मी बी.ए. करत होतो तेव्हा माझ्या खोलीतल्या मित्राकडे एक टेपरेकॉर्डर आणि दोन कॅसेटी होत्या. एक बीटल्सची, दुसरी बीच बॉइजची. माझं इंग्रजी तेव्हा परीक्षेपुरतं होतं, त्यामुळे शब्द अर्धे कळायचे नाहीत. पण दोन्ही कॅसेटी ऐकताना सारखं वाटायचं, की ही माणसं एकमेकांशी काहीतरी बोलताहेत. काय बोलताहेत ते कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

आधी एक शब्द स्पष्ट करतो. आपल्याकडे सिनेमाचा निर्माता म्हणजे पैसा लावणारा. रेकॉर्डच्या धंद्यातला निर्माता वेगळा. गाणं कोणत्या वाद्यांत सजवायचं, गायकाचा आवाज किती पुढं ठेवायचा, कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता टाकायचा, थोडक्यात गाणं लोकांच्या कानावर कसं पडेल हे ठरवणारा तो निर्माता. आपल्या सिनेसंगीतातला संगीतकार, अरेंजर आणि रेकॉर्डिस्ट यांची थोडी थोडी कामं त्याच्याकडे असतात. पुढची सगळी गोष्ट समजायला हा माणूस नीट लक्षात ठेवा.

गोष्ट सुरू होते १९६३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका मोटारीत. ब्रायन विल्सन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा गाडी चालवत होता. बीच बॉइज हा त्याचा घरचाच गट. त्यात तो स्वतः, त्याचे दोन धाकटे भाऊ, एक आतेभाऊ आणि एक मित्र होता. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारी पोरं, मोटारी आणि मुली हे त्यांच्या गाण्यांचे विषय. गाडीतल्या रेडिओवर रॉनेट्स या गटाचं 'बी माय बेबी' लागलं. ब्रायननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तो नुसता ऐकत बसला. पुढं आयुष्यभर तो ही आठवण सांगत राहिला.

त्या गाण्याचा निर्माता होता फिल स्पेक्टर. हॉलिवूडमधल्या गोल्ड स्टार नावाच्या स्टुडिओत तो काम करायचा. खोली काही मोठी नव्हती. त्या खोलीत तो तीन-तीन, चार-चार गिटारी, दोन-तीन पियानो, ढोल, खुळखुळे, शिंगं असं सगळं एकाच वेळी कोंबायचा आणि अनेकांना तेच सूर वाजवायला लावायचा. मग तो एकत्रित आवाज सिमेंटच्या भिंतींच्या एका रिकाम्या खोलीत स्पीकरमधून सोडायचा, तिथं घुमलेला आवाज मायक्रोफोननं परत उचलायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा. कुठलं वाद्य कुठं संपतं आणि कुठलं कुठं सुरू होतं हे ऐकणाऱ्याला कळूच नये. लोकांनी या पद्धतीला नाव दिलं 'आवाजाची भिंत'.

ब्रायनला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. दोन बाजूंनी दोन वेगळे आवाज येणारा स्टिरिओ त्याच्या काय कामाचा? स्पेक्टरची ही एकसंध भिंत मात्र त्याला पुरेपूर ऐकू येत होती. तो स्पेक्टरच्या ध्वनिमुद्रणांना जाऊन बसू लागला. तेच वादक त्यानं आपल्या कामाला बोलावले. ढोलांवर हॅल ब्लेन, बास गिटारवर कॅरोल के. हे रोजंदारीवर वाजवणारे लोक आज 'रेकिंग क्रू' या नावानं ओळखले जातात. सकाळी एकाचं गाणं, दुपारी दुसऱ्याचं. त्या काळच्या रेकॉर्डींच्या वेष्टनावर त्यांची नावं बहुधा नसायची.

'बी माय बेबी'ला उत्तर म्हणून ब्रायननं 'डोन्ट वरी बेबी' हे गाणं रचलं. रॉनेट्सनी ते गावं अशी त्याची इच्छा होती. स्पेक्टरनं ते घेतलं नाही. मग १९६४ मध्ये बीच बॉइजनीच ते गायलं. गंमत बघा, रॉनेट्सची मुख्य गायिका रॉनी स्पेक्टर हिनं ते गाणं शेवटी स्वतःच्या आवाजात मुद्रित केलं, पण केव्हा? १९९९ मध्ये! पस्तीस वर्षांनी पत्र पोचावं तसं.

स्पेक्टरनं ब्रायनच्या प्रेमाची फारशी परतफेड केल्याचं दिसत नाही. पुढं या माणसाचं काय झालं तेही सांगायला हवं. एका स्त्रीच्या खुनाबद्दल २००९ मध्ये तो दोषी ठरला आणि २०२१ मध्ये शिक्षा भोगत असतानाच मेला. कलेतली थोरवी आणि माणसाची थोरवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो आणि मग आपल्याला धक्के बसतात.

आता इंग्लंडकडे वळू. लिव्हरपूल हे बंदराचं गाव. तिथल्या चार पोरांनी अमेरिकेच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून गाणं शिकून घेतलं होतं. डेक्का कंपनीनं त्यांना नकार दिला होता. १९६२ मध्ये ईएमआयच्या पार्लोफोन या छोट्या विभागाचा प्रमुख जॉर्ज मार्टिन यानं त्यांना घेतलं. मार्टिन रीतसर संगीत शिकलेला, ओबो हे वाद्य वाजवणारा आणि तोवर मुख्यतः विनोदी रेकॉर्डींसाठी नावाजलेला. त्या विनोदी रेकॉर्डींमुळेच त्याला टेपशी नाना खेळ करण्याची सवय होती. तो होता नीटनेटका आणि टाय लावणारा. समोरची पोरं शाळामास्तरांच्या टोप्या उडवणारी. पण गाडी जमली. १९६५ मध्ये पॉल मॅकार्टनीनं 'यस्टरडे' आणलं तेव्हा त्याला व्हायोलिनं, व्हिओला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांची जोड द्यावी ही सूचना मार्टिनची. पॉल आधी कां-कूं करत होता. मग दोघांनी बसून ते काम केलं. मार्टिन आपली विद्या पोरांवर लादत नसे. पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखून तो त्याला वाट करून देई.

डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सची 'रबर सोल' ही रेकॉर्ड आली. ब्रायननं ती ऐकली आणि तो हलला. तोवरची रीत अशी, की दोन-तीन गाजणारी गाणी घ्यायची आणि बाकीची भरताड. इथं मात्र सगळी गाणी एका वजनाची, एका सुरातली. एखादा कवी फुटकळ कविता छापत असावा आणि अचानक त्याच्या हाती आरंभापासून शेवटापर्यंत एकजीव असा संग्रह पडावा, तसं त्याला झालं. त्यानं बायकोला सांगितलं, आता मी सगळ्यांत थोर रेकॉर्ड करणार आहे.

यातही एक गंमत आहे. ब्रायननं ऐकलेली रेकॉर्ड बीटल्सनी बांधलेली नव्हतीच. अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीनं मूळच्या चौदा गाण्यांतली चार काढून टाकली होती आणि आधीच्या रेकॉर्डीतली दोन घुसडली होती. म्हणजे ज्या सलगपणानं ब्रायन भारावला, तो काही अंशी धंदेवाल्यांच्या कात्रीचा होता! आणि ही कॅपिटॉल कंपनी बीच बॉइजचीही. एकाच दुकानात दोन्ही माल. पण प्रेरणा कुठून यावी याला नियम नसतो. आमच्या ओळखीतल्या एकाला चुकीच्या छापलेल्या ओळीवरून चांगली कविता सुचलेली मला ठाऊक आहे.

डिसेंबर १९६४ मध्ये विमानात ब्रायन फार घाबरला होता. त्यानंतर त्यानं गटाबरोबर फिरणं सोडलं होतं. बाकीचे गावोगावी गात हिंडायचे, तो घरी राहून गाणी बांधायचा. १९६६ च्या सुरुवातीला ते जपानला गेले असताना इकडे तो रेकिंग क्रूला घेऊन बसला. शब्दांसाठी त्यानं टोनी अॅशर नावाच्या जाहिराती लिहिणाऱ्या माणसाला गाठलं. वाद्यं तरी कसली? सायकलची घंटी, सायकलचा भोंगा, अॅकॉर्डियन, फ्रेंच हॉर्न, घोड्याच्या घसरगाडीचे घुंगरू. शेवटी आगगाडीचा आवाज आणि त्याची स्वतःची दोन कुत्री भुंकताना. ही रेकॉर्ड म्हणजे 'पेट साउंड्स'. तिच्यात 'गॉड ओन्ली नोज' नावाचं गाणं आहे. ते त्याचा भाऊ कार्ल गायला. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं आहे. पण ते संपतं तेव्हा घरात कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटतं.

परत आलेल्या गटातल्या काहींना ही नवी वाट मानवली नाही. लाटा कुठं गेल्या, मोटारी कुठं गेल्या? कंपनीलाही फारसा उत्साह नव्हता. १६ मे १९६६ ला रेकॉर्ड बाजारात आली आणि दोन महिने व्हायच्या आत कंपनीनं बीच बॉइजच्या जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढून तिच्या शेजारी ठेवला. अमेरिकेत 'पेट साउंड्स' दहाव्या क्रमांकापर्यंत पोचली. वाईट नाही, पण ज्यानं जीव ओतला त्याला ते लागलं.

दाद मिळाली ती समुद्रापलीकडून. गटातला नवा गडी ब्रूस जॉन्स्टन त्याच मे महिन्यात रेकॉर्ड घेऊन लंडनला गेला. तिथं हॉटेलातल्या त्याच्या खोलीवर जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी आले. रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, पुन्हा लाव. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमची 'मुकर्रर' आठवली. मैफलीत दुसऱ्यांदा म्हणायला लावणं यापेक्षा मोठी दाद नाही. इंग्लंडच्या बाजारात ती रेकॉर्ड दुसऱ्या क्रमांकावर गेली.

मॅकार्टनीनं काय केलं? तो घरी गेला आणि कामाला लागला. 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' या गाण्यामागं 'गॉड ओन्ली नोज' असल्याचं त्यानं स्वतः सांगितलं आहे. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रिव्हॉल्व्हर' या रेकॉर्डीवर आलं. आणखी एक बारीक गोष्ट त्याच्या कानानं टिपली. बास गिटार साधारणपणे ज्या स्वरावर गाण्याचा पाया उभा असतो तोच स्वर धरून चालते. आपल्या भाषेत षड्ज सांभाळते म्हणा. ब्रायनच्या गाण्यांत ती भलत्याच स्वरावर उभी राहते आणि वरचं सगळं गाणं अधांतरी तरंगायला लागतं. मॅकार्टनी स्वतः बास वाजवणारा. पुढच्या रेकॉर्डीत त्यानं आपला बास सगळ्यात शेवटी, स्वतंत्रपणे मुद्रित करायला सुरुवात केली, म्हणजे गाणं पूर्ण झाल्यावर त्याच्या खालून आपली वेगळी चाल नेता येईल. चांगला वाचक आणि कवी यांच्यात फरक असेल तर तो हाच. वाचक म्हणतो, वा! कवी म्हणतो, वा! आणि गुपचूप विचारतो, कसं केलं हे?

ती पुढची रेकॉर्ड म्हणजे 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. नोव्हेंबर १९६६ मध्ये काम सुरू झालं. 'पेट साउंड्स' नसती तर 'पेपर' झालीच नसती, हे म्हणणं साक्षात जॉर्ज मार्टिनचं. आपल्या हातून घडलेल्या सर्वांत गाजलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्या गटाच्या पोराला देणारा हा निर्माता! आपल्याकडे प्रस्तावनेत आभार मानतानासुद्धा लोक हात आखडता घेतात.

त्या ध्वनिमुद्रणातले दोन प्रसंग सांगतो. पहिलं गाणं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'. त्याची दोन वेगवेगळी मुद्रणं झाली. लेनन म्हणाला, याची सुरुवात चांगली आहे आणि त्याचा शेवट चांगला आहे, दोन्ही जोडून टाका. मार्टिन म्हणाला, अरे, दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. लेनन म्हणाला, तुम्ही कराल काहीतरी! मार्टिननं ध्वनिमुद्रक जेफ एमरिकला घेऊन एक टेप जरा जलद आणि दुसरी जरा संथ फिरवून पाहिली. पट्टी जुळली, लयही जुळली. टेप कापून सांधली. आजही गाणं सुमारे एक मिनिट झालं की तो सांधा येतो, पण सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. शेवटी हे गाणं रेकॉर्डीत न जाता फेब्रुवारी १९६७ मध्ये सुटं प्रसिद्ध झालं.

दुसरं, 'अ डे इन द लाइफ'. त्यात चोवीस मात्राखंड रिकामे राहिले होते. तिथं वाद्यवृंदाचा एक प्रचंड चढ हवा होता. मार्टिननं चाळीस वादक बोलावले. प्रत्येकाला आपल्या वाद्याचा सर्वांत खालचा स्वर आरंभी आणि वरचा स्वर शेवटी लिहून दिला आणि सांगितलं, मधला रस्ता तुमचा तुम्ही चढा, शेजाऱ्याचं ऐकू नका. आयुष्यभर शेजाऱ्याशी सूर जुळवणाऱ्या त्या वादकांना केवढं नवल वाटलं असेल! हे सगळं चार ट्रॅकच्या यंत्रावर चाललं होतं. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि पुन्हा रिकाम्या जागेवर चढवायचे.

याच रेकॉर्डीवर जॉर्ज हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' आहे. हॅरिसन १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत येऊन गेला होता. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी या गाण्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवला. वेष्टनावर त्यांची नावं नव्हती. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये ती जाहीर झाली. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी. 'अण्णा जोशी' हे नाव वाचून मी थबकलोच. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रेकॉर्डींपैकी एकीवर दिलरुबा वाजवणारा माणूस, आणि आपल्याला नावही ठाऊक नव्हतं. दाद ज्यांच्यापर्यंत पोचली नाही असे किती असतील! हॅरिसन मात्र विसरला नाही. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला आणि इथल्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्याच वादकांना घेऊन त्यानं मुद्रण केलं.

आता पुन्हा कॅलिफोर्निया. ब्रायन गप्प बसला नव्हता. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्याचं 'गुड व्हायब्रेशन्स' आलं. एका गाण्यासाठी महिनोन् महिने, वेगवेगळे स्टुडिओ, तासन् तास टेप. ते अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. एका इंग्रजी संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्या वर्षी जगातला पहिला गायकगट म्हणून बीच बॉइजना निवडलं, तेही बीटल्सच्या वर! मग ब्रायननं कवी व्हॅन डाइक पार्क्सला बरोबर घेऊन 'स्माइल' या रेकॉर्डीला हात घातला. गाणी तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करायची आणि मग गोधडीसारखी जोडायची असा बेत होता. पण तुकडे वाढत गेले, टाके पडेनात. आगीवरच्या एका संगीतासाठी त्यानं वादकांना अग्निशामक दलाच्या टोप्या घातल्या. त्या सुमारास जवळपास खरीच आग लागल्याचं कळलं आणि तो घाबरला. आपल्या संगीतानंच आग लागली असं त्याला वाटलं.

असं सांगतात, की 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' रेडिओवर ऐकून त्यानं पुन्हा एकदा गाडी थांबवली आणि म्हणाला, मला जे करायचं होतं ते यांनी आधीच केलं. ही हकीकत बरेच जण सांगतात. पण एका गाण्यानं माणूस मोडतो यावर माझा विश्वास नाही. मन आजारी होतं. नशेची भर पडली. कंपनीशी कोर्टकज्जा सुरू होता. गटातून विरोध होता, आणि पार्क्सही निघून गेला. एप्रिल १९६७ मध्ये मॅकार्टनी लॉस एंजेलिसला आला, तेव्हा त्यानं ब्रायन आणि त्याच्या बायकोला पियानोवर 'शीज लीव्हिंग होम' वाजवून दाखवलं. ब्रायनच्या आठवणीप्रमाणं दोघंही नवराबायको रडले. त्यानंतर महिन्याभरात 'स्माइल' बंद झाल्याचं जाहीर झालं आणि मेच्या अखेरीस 'सार्जंट पेपर' आली.

एकच दाद. एकाला तिनं उभारलं, दुसरा तिच्या ओझ्याखाली दबला. असं का झालं असेल? मला वाटतं, फरक प्रतिभेचा नव्हता. लिव्हरपूलची पोरं चार होती आणि त्यांच्यासमोर काचेपलीकडे जॉर्ज मार्टिन बसला होता. कुणी काहीही वेडगळ मागितलं तर तो विचार करायचा, मार्ग काढायचा आणि वेळ आली की म्हणायचा, बस, आता झालं. ब्रायन मात्र स्वतःच संगीतकार, स्वतःच अरेंजर, स्वतःच निर्माता. काचेच्या अलीकडेही तोच आणि पलीकडेही तोच. 'झालं' असं त्याला सांगणारं कुणी नव्हतं. आम्हा लिहिणाऱ्यांना हे चांगलं समजतं. कविता कुठं थांबवायची हे ज्याला सांगणारं कुणी नाही, त्याची वही भरत जाते आणि संग्रह होत नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. नव्वदीच्या दशकात बीबीसीच्या एका मालिकेसाठी जॉर्ज मार्टिन ब्रायनला भेटला. दोघांचेही केस पिकलेले. समोर 'गॉड ओन्ली नोज'च्या मूळ टेपा. मार्टिन एकेक खटका वरखाली करत गायकांचे आणि वाद्यांचे आवाज वेगळे काढू लागला, पुन्हा जुळवू लागला. ब्रायन ऐकत राहिला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा तुमचंच मिश्रण चांगलं झालंय! तीस वर्षांनी काचेपलीकडचा माणूस त्याला भेटला होता.

२००० मध्ये गीतकारांच्या सन्मानाच्या एका समारंभात ब्रायनला मान मिळाला तेव्हा त्याच्यासाठी उभा राहून बोलणारा मॅकार्टनी होता. २००२ मध्ये भूसुरुंगांविरुद्धच्या कामाला मदत म्हणून झालेल्या कार्यक्रमात दोघं मिळून 'गॉड ओन्ली नोज' गायले. आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रायननं लंडनमध्ये सदतीस वर्षं अडलेलं 'स्माइल' पूर्ण करून रंगमंचावरून ऐकवलं. मूळ मुद्रणं २०११ मध्ये बाहेर आली. मार्टिन २०१६ मध्ये गेला. ब्रायन ११ जून २०२५ ला गेला. मॅकार्टनीनं निरोपाचे चार शब्द लिहिले आणि त्यांचा शेवट त्याच गाण्याच्या नावावर केला.

मंडळी, आता थोडं माझं सांगतो आणि थांबतो.

माझा एक कविमित्र होता. मित्र म्हणायचं, पण खरं तर आम्ही एकमेकांना संमेलनांत भेटायचो तेवढेच. शेजारच्या तालुक्यात तो शिक्षक होता. तिशीत असताना एका दिवाळी अंकात मी त्याची वडिलांच्या सायकलवरची कविता वाचली. त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्याही वडिलांची सायकल होती, तिच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो होतो, आणि मला ती कधी दिसलीच नव्हती! वर्षभर खटपट करून मी वडिलांवर एक कविता लिहिली. लोकांनी ती उचलून धरली. आजही कुठं गेलो की तिचीच फर्माईश होते. ती कुणाच्या जमिनीत उगवली हे मी कधी बोललो नाही. तो भेटला की म्हणायचो, 'सर, छान लिहिता.' तोही म्हणायचा, 'तुम्हीही.' की दोघंही चहाकडे.

तो गेल्यावर मी भेटायला गेलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, 'वहिनी, सर कधी माझ्याबद्दल काही बोलायचे का?' त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, 'बोलायचे तसं काही नाही, भाऊ. पण तुमची कविता छापून आली की दोन दिवस गप्प गप्प असायचे. मग रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असायचा.'

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होतो. माझी दाद त्याला पोचली होती आणि त्याची मला. फक्त आम्हा दोघांनाही ते कळलं नव्हतं. ज्यानं हॉटेलातल्या खोलीत 'पुन्हा लाव' म्हटलं, तो आमच्यापेक्षा शहाणा. अलीकडे कुणाची कविता आवडली की मी त्याचा नंबर मिळवतो आणि त्याच दिवशी फोन करतो. पलीकडून बहुधा एखादा पोरगा किंवा पोरगी असते आणि क्षणभर काही ऐकूच येत नाही. मी वाट पाहतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)